लाल रेघेच्या अलीकडे

आमच्या जावईबापूंना कुणी काही विचारलेलं खपत नाही. विचारलं की कपाळावर आठ्या, आणि मग दोन दिवस घरात अबोला. शिकलेले आहेत, मान्य. मी दुसरीत शाळा सोडली. पण हातमोजे तपासायचं हे दुकान तीस वर्षं चालवलंय, ते काय डोळे मिटून?

खांबावर चढणाऱ्या वायरमनचे रबरी हातमोजे आमच्याकडे येतात. मोज्यात पाणी भरायचं, तो पाण्याच्या टाकीत सोडायचा, मनगटाकडची चार बोटं रुंदीची कड मात्र कोरडी ठेवायची. मग टाकीभोवतीच्या जाळीबाहेर उभं राहून वीज चढवायची. मीटरवरचे आकडे मला कळत नाहीत, म्हणून आमच्या ह्यांनी शेवटच्या आजारपणात काचेवर लाल रेघ ओढून दिली. काटा रेघेवर एक मिनिट. मोजा टिकला, वीज आरपार गेली नाही, तर शिक्का.

त्या सकाळी जावईबापूंनी घाईघाईत मोजे काठोकाठ भरले. कड भिजली, ठिणगी वरून उडी मारायला लागली आणि मशीन सारखं बंद पडायला लागलं. कड पुसायची सोडून यांनी वीजच कमी केली. काटा रेघेच्या बोटभर अलीकडे ठेवून वीसच्या वीस जोड्या पास. मी दारातून बघत होते.

विचारलं तर म्हणाले, मोजे नव्यासारखे आहेत, आणि माणसं दुपारी न्यायला येतायत. लेक मला बाजूला घेऊन म्हणाली, आई, त्यांचा मान राख. म्हटलं, राखते की, आधी त्या माणसांचे हात राखू दे.

गठ्ठे सोडले. एकेक मोजा बेताने भरून, कड फडक्याने पुसून पुन्हा टाकीत सोडायला लागले, काटा थेट रेघेवर. वायरमन आले, बाकावर बसले. बसू दिले. तेराव्या जोडीचा डावा मोजा, मी चाळीस मोजले आणि फटकन आवाज झाला. अंगठ्याच्या बेचक्यात सुईच्या टोकाएवढं भोक, मनगटावर जावईबापूंचा ताजा शिक्का.

वायरमनांतल्या थोरल्याने तो उलटसुलट करून पाहिला. "हा माझा," एवढंच म्हणाला आणि आपला अंगठा चोळत बसला.

जावईबापूंच्या कपाळावर आता एकही आठी नव्हती. लेक डोळ्यांनी खुणावत होती, तरी मी सगळ्यांदेखत बोलले.

"जावईबापू, शिक्का आजपासून माझ्या कमरेला. तुम्ही पास केलेला मोजा तुमच्याच हातात घालून खांबावर चढायची तयारी झाली, की मागा. तोवर हे फडकं घ्या. सात जोड्या राहिल्यात, कडा पुसा."