कान उघडणाऱ्या फळ्या

"उघडला! पोराचा कान उघडला!" एकच गलका झाला आणि बंद पडलेल्या फर्निचरच्या गोदामातली गर्दी पुढे लोटली. मीही लोटले गेले, इलाजच नव्हता. पुढे माझी वहिनी होती, तिच्या कडेवर माझी भाची चिमणी, आणि वहिनीच्या मुठीत चिमणीचं कानामागे लावायचं यंत्र.

गोदामाच्या टोकाला लाकडी फळ्यांचा मंच होता. बहिऱ्या पोराला त्यावर अनवाणी उभं करायचं, बाकी सगळ्यांनी समोर थांबायचं. नादबाबा नावाचे बुवा मागून काठी आपटून हाक मारायचे आणि पोर वळायचं. वळलं की त्याचं यंत्र पाण्याने भरलेल्या काचेच्या हंडीत! हंडीच्या तळाशी कितीतरी पोरांची यंत्रं पडली होती.

"यंत्र म्हणजे घरजावई, बायांनो! एकदा शिरला की हलत नाही. आधी त्याला हाकला, मग बघा कान कसा कामाला लागतो!" बाबा म्हणाले. लोक खो खो हसले.

वहिनीला मी दोष देत नाही. चिमणीच्या ऑपरेशनमध्ये यंत्राचा एक भाग कातडीखाली बसवला होता. बाहेरचा भाग सुरू केला की पोरगी 'आई' म्हणेल, म्हणून सगळं घर डोळे लावून बसलं होतं. तो सुरू झाला आणि पोरगी किंचाळून रडली. मग रोजच रडायची, ओढून काढायची. दवाखान्याने बॅटरी कशी बदलायची ते दाखवलं, पण पुढे काय होणार ते कुणी सांगितलं नाही. दादाने विचारलं तर म्हणे, "होईल हळूहळू." घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, ऑपरेशन फसलं.

चिमणीची पाळी आली. काठी आपटली, "बाळा!" अशी हाक आली आणि चिमणी वळली. वहिनी ढसाढसा रडायला लागली. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण मी शाळेत विज्ञान शिकवते, नजर चौकस. वळण्याआधी चिमणीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं होतं.

बाबांचा हात यंत्राकडे आला.

"वहिनी, थांब! देऊ नकोस!"

"आता तरी मोडता घालू नका हो, वन्सं!"

"एकदाच ऐक. चप्पल काढून फळीवर चढ आणि कानात बोटं घाल."

"बायकांनी मंचावर यायचं नाही!" बाबा गरजले. तोवर वहिनी चढलीसुद्धा. काठी कोण देतंय? मी मागे जाऊन माझीच टाच आपटली.

वहिनीचा चेहरा पडला. "हादरा पोटरीपर्यंत आला," ती म्हणाली.

तिने चिमणीला उचलून सिमेंटच्या जमिनीवर उभं केलं आणि मागून हाक मारली. मग ओरडून मारली. चिमणी फ्रॉकच्या बटणाशी खेळत राहिली.

फळ्यांखाली पोकळी होती. काठीचा हादरा मागून पायात येतो आणि माणसं सगळी समोर. पोर मागे नाही तर कुठे बघणार?

"यांची श्रद्धा कमी पडली! पुढचं पोर आणा!" बाबा ओरडले. आणि पुढचं पोर खरंच वर गेलं हो. आम्ही दारात पोचलो तोवर त्याचंही यंत्र पाण्यात पडलं.

नंतर आम्ही सगळे दवाखान्यात गेलो आणि दादा बोलायला शिकवणाऱ्या बाईंसमोर ठाण मांडून बसला. सगळं सांगा, त्याशिवाय उठत नाही म्हणाला. तेव्हा कळलं की सुरुवातीला यंत्रातून नुसता गोंगाट वाटतो. त्यातून शब्द ओळखायला मेंदूला महिनोन्महिने रोज सराव लागतो, आणि भाषा शिकण्याची ही वर्षं गेली की भरून काढणं फार कठीण.

"मग रडते का?" वहिनीने विचारलं.

"तिला ऐकू येतंय म्हणून. आवाज जास्त होत असेल, तो कमी करून देते."

वहिनीने यंत्र बाईंपुढे धरलं. "हे आधी का नाही सांगितलं? मी ते पाण्यात टाकायला निघाले होते!" बाईंनी मान खाली घालून यंत्र घेतलं आणि त्याचा आवाज कमी केला.

गोदामासमोरची रांग अजून हटलेली नाही. त्या रांगेतल्या आईबापांनो, चमत्कार दिसला की आधी स्वतः फळीवर चढून बघा. डॉक्टर नीट सांगत नसेल तर त्याच्याही खोलीतून उठू नका. तुमच्या पोराला अजून प्रश्न विचारता येत नाही. त्याच्या वतीने तुम्हालाच विचारायचं आहे.