कॅनल रोडची पाहणी

थॉर्नशॉ टाउन त्या हंगामात पहिले नऊच्या नऊ सामने हरला, तेव्हा गावातले लोक अजून थट्टा करत होते. दहावा बरोबरीत सुटला, तर बेकरीवाल्याने खिडकीत ‘अखेर’ असं लिहिलेला केक मांडून ठेवला. नाताळ आला तोवर थट्टा संपली होती. दोन मॅनेजरांना नारळ मिळाला होता, गोलकीपर घरच्या जिन्यावरून घसरून मनगट मोडून बसला होता, आणि आघाडीच्या गड्याच्या नावावर जो एकुलता एक गोल होता, तोही चेंडू त्याच्या पाठीवर आदळून आत गेला म्हणून. चोवीस क्लबांच्या यादीत थॉर्नशॉ चोविसावा. शेवटचे दोन खाली जाणार, आणि चौथ्या डिव्हिजनच्या खाली म्हणजे थेट लीगच्या बाहेर. शहाण्णव वर्षं लीगमध्ये काढलेल्या क्लबवर ही पाळी यावी, आणि तीही अशी, की बघणाऱ्यालाच मान खाली घालावीशी वाटावी.

धड उरलं होतं ते एकच, मैदान. कॅनल रोडचं गवत पाहून जिंकून जाणारा प्रत्येक मॅनेजर जाता जाता म्हणायचा, मैदान मात्र झकास ठेवलंय हं तुम्ही. चार गोल मारायचे आणि वर गवताचं कौतुक करायचं. लेस ओल्डरॉइडला ते ऐकून बरंही वाटायचं आणि त्या माणसाच्या अंगावर पाण्याचा पाइप सोडावासाही वाटायचा.

लेस एकतीस वर्षं त्या मैदानाचा राखणदार होता. पेनाइन डोंगरातून येणारं गार वारं कॅनल रोडवर असं घुसतं, की हिवाळ्यात आजूबाजूच्या गावांतली मैदानं दगड होऊन जातात. पण लेसच्या एकतीस वर्षांत मैदान गोठल्यामुळे थॉर्नशॉचा एकही सामना रद्द झालेला नव्हता. त्यात जादू काही नव्हती. दर शुक्रवारी दुपारी गावातले डझनभर पेन्शनर यायचे, लेसच्या हुकमाखाली मैदानभर पांढऱ्या जाड ताडपत्र्या अंथरायचे, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे, चहा ढोसायचे आणि जायचे. शनिवारी पहाटे ताडपत्र्या निघाल्या, की खाली माती मऊ.

आणि शनिवारी सकाळी यायचे ॲल्बन रिग. लांबून येणारे पाहुणे उगाच बसमध्ये बसून निघू नयेत म्हणून थंडीच्या दिवसांत जवळपास राहणारा एखादा रेफरी सकाळीच मैदान बघून जातो. सामना होणार की नाही, हे त्याच्या सहीवर ठरतं. थॉर्नशॉला ते काम रिगमास्तरांकडे होतं. मास्तर म्हणजे खरोखरचे मास्तर. गावच्या शाळेत त्यांनी भूगोल शिकवला होता, लेसलाही, आणि लेसला त्यात काय दिवे लावता आले होते ते दोघांनाही ठाऊक होतं. मास्तर लेसच्या शेडमध्ये येऊन चहाचा मग हातात घ्यायचे आणि विचारायचे, "काय रे, होईल का?" लेस म्हणायचा, होईल. मास्तर तिथेच कागद काढून सही करायचे. मैदानावर जायचे ते नंतर, आणि तेही पाय मोकळे करायला. लेसचा शब्द म्हणजे झालंच, असं ते चारचौघांत म्हणायचे. ते ऐकून लेस दुसरीकडे बघायचा, पण घरी गेल्यावर मॉरीनला सांगायचा. मॉरीन त्याची बायको. तिने ते शंभरदा ऐकलं होतं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी नवा मॅनेजर शेडमध्ये आला. ग्लेन प्रॉसर त्याचं नाव, हंगामातला तिसरा. माणूस वाईट नव्हता. आल्यापासून त्याने पोरांकडून थोडंफार खेळवून घेतलं होतं, दोन सामने जिंकलेही होते. तो खताच्या पोत्यावर बसला आणि बराच वेळ गवत कापायच्या यंत्राकडे बघत राहिला.

शनिवारी सेंट मॉरनशी सामना होता. दूर नैर्ऋत्येच्या टोकाचा क्लब, थॉर्नशॉपेक्षा चारच गुणांनी वर. त्यांना हरवलं तर अंतर एका गुणावर येणार. हरलो तर सात गुणांची दरी, म्हणजे आशाच सोडायची. आणि थॉर्नशॉचे तीन हुकमी गडी जखमी, दोघांवर बंदी.

"मार्चमध्ये पाचही जण परत येतात," ग्लेन म्हणाला. "हा सामना मार्चमध्ये झाला तर आपण वाचतो. उद्या रात्री पारा उणे पाचवर जाणार आहे, लेस. तू काही करू नकोस. काहीच करू नकोस, एवढंच मागतोय."

लेसने विचारलं, आणि मास्तरांनी विचारलं तर?

"तुझ्या शब्दावर ते कधी संशय घेणार नाहीत," ग्लेन म्हणाला. आणि तेच तर खरं दुखणं होतं.

लेसने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शुक्रवारी सकाळी त्याने पेन्शनरांना एकेक करून फोन केले. थंडी फार नाहीये, आज या नका, असं सांगितलं. एकाने कुरकुर केली, की त्याच्या नाकाला तर वेगळंच कळतंय, पण लेस म्हणतोय तर असेल बुवा. लेस दुपारी दोनला घरी येऊन बसला. एकतीस वर्षांत तो शुक्रवारी दुपारी घरी दिसला नव्हता. मागच्या दारी जाऊन मॉरीनने वाळत घातलेली त्याची पँट काढून आणली आणि भिंतीला टेकवून उभी केली. पँट तशीच उभी राहिली, ताठ.

"थंडी फार नाहीये म्हणे," ती म्हणाली. लेसने पेपर वर केला.

शनिवारी सकाळी मास्तर आले. चहाचा मग घेतला. काय रे, होईल का? लेस म्हणाला, मास्तर, आज कठीण दिसतंय. मास्तरांना ते खरंच वाटेना. ते बाहेर आले, गोलजवळ गेले आणि बुटाची टाच जमिनीवर आपटली. फरशीवर आपटावी तसा आवाज आला.

"ताडपत्र्या होत्या ना?" त्यांनी विचारलं.

"होत्या. सहाला काढल्या. गारठा त्यांच्यातूनही खाली उतरला."

मास्तरांनी कागदावर लिहिलं आणि खाली सही केली. मग लेसच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. "तुझ्यासारख्या माणसाचाही एखादा दिवस असा निघतोच." एवढ्या वर्षांत त्यांनी लेसच्या खांद्यावर हात ठेवल्याचं लेसला आठवत नव्हतं. त्याला तो हात झटकून टाकावासा वाटला. स्वतःचीच शिसारी आली त्याला, दुसरं काय.

सेंट मॉरनची बस पहाटेच निघाली होती. ती बर्मिंगहॅमवरून परत फिरली.

सामना मार्चमधल्या एका मंगळवारी संध्याकाळी ठेवला. पाचही गडी परत आले होते, ग्लेनचा हिशेब त्या बाबतीत चोख निघाला. मैदान गालिच्यासारखं होतं. थॉर्नशॉ दोन-शून्यने हरला. त्या तीन हुकमी गड्यांपैकी एकाने पेनल्टी घेतली, ती स्टँडच्या पत्र्यावर जाऊन आदळली, आणि दुसऱ्याला अर्ध्या तासात पुन्हा तोच पाय धरून बाहेर जावं लागलं. जे व्हायचं ते झालं, असं लेस स्वतःला सांगत होता.

सामना संपल्यावर सेंट मॉरनचा जर्सी-बूट सांभाळणारा जॅगो नावाचा म्हातारा, ओल्या पिशव्या भरून झाल्यावर, चहाच्या वासाने लेसच्या शेडपाशी आला. गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा माणूस. लेसने त्याला भरलेला मग दिला. गवताचं कौतुक करून झाल्यावर जॅगो हसायला लागला.

"काय सांगू तुला, जानेवारीत तू आम्हाला वाचवलंस," तो म्हणाला. "म्हणजे तुझ्या गोठलेल्या मैदानाने. आमचे अकराजण आडवे होते. गुरुवारपासून जुलाब आणि उलट्या. बसमध्ये प्रत्येकाच्या मांडीवर बादली. सामना पुढे ढकला म्हणून लीगकडे विनवण्या केल्या, तर म्हणाले, आहेत तेवढे घेऊन जा. मॅनेजरने राखीव खेळाडूंत माझं नाव घातलं होतं, माझं! मी चौसष्ट वर्षांचा. बर्मिंगहॅमला फोन आला, सामना रद्द, तर बसमध्ये ज्यांना उठता येत होतं त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी तुम्ही आम्हाला सहा गोल मारले असते."

लेस बाकावर बसला. जॅगोला वाटलं, बिचारा हरल्याचं दुःख करतोय. त्याने आपल्या खिशातली बिस्किटं काढून लेससमोर ठेवली आणि बसकडे गेला.

त्या रात्री लेसने मॉरीनला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ताडपत्र्यांचं तर मला त्या पँटनेच सांगितलं होतं. मग जरा थांबून म्हणाली, मला सांगून काय उपयोग, मी काय रेफरी आहे?

तरी लेस दीड महिना गप्प बसला. कारण त्या दीड महिन्यात थॉर्नशॉ जिंकायला लागला. आहे की नाही कमाल? वर्षभर ज्यांना धड पास देता येत नव्हता त्यांनी सहातले चार सामने मारले. शेवटच्या शनिवारी गणित असं झालं, की थॉर्नशॉ तेविसावा, सेंट मॉरन बाविसावा, तीन गुणांनी वर. थॉर्नशॉ घरच्या मैदानावर जिंकला आणि सेंट मॉरन हरला, तर गोलफरकाने थॉर्नशॉ वाचणार. गावात खिडक्याखिडक्यांतून झेंडे लागले. बेकरीवाल्याने पुन्हा केक केला, पण या वेळी त्यावर काही लिहायची हिंमत केली नाही.

मे महिन्यातला तो शनिवार, आणि आदल्या संध्याकाळपासून पावसाने झोडपून काढलेलं. म्हणून सकाळी रिगमास्तर पाहणीला आले. छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली, चहाचा मग घेतला, कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं.

"काय रे, होईल ना?"

"मास्तर, तुम्ही आधी जाऊन बघा."

"तू म्हणतोस ना होईल? मग झालं."

"मी म्हणतो म्हणून सही करू नका," लेस म्हणाला. "जानेवारीत ताडपत्र्या घातल्याच नव्हत्या मी. मुद्दाम. सामना होऊ नये म्हणून."

मास्तरांचं पेन तसंच हातात राहिलं. मग त्यांनी टोपण लावलं. लेसला शाळेत नकाशावर भलतीच नदी दाखवली की उभं राहायला लागायचं, तसा तो उभा होता, अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या.

"हे मला लीगला कळवायला हवं," मास्तर शेवटी म्हणाले.

"कळवा."

"तुला काढून टाकतील. क्लबचे गुणही कापतील. आजच्या दिवशी सांगतोयस, काही कळतंय का तुला?"

"कळतंय," लेस म्हणाला. "पण आज परत तुम्ही मला विचारलंत, आणि आज मी ‘होईल’ म्हणालो असतो, तर ते खरं असूनही त्या खोट्याच्या जिवावरच चाललं असतं."

मास्तरांनी चहाचा मग खाली ठेवला. शेल्फवरचा चेंडू उचलला आणि छत्री न घेताच बाहेर पडले. लेस दारातून बघत राहिला. मास्तर चारही कोपऱ्यांत गेले, दोन्ही गोलांपाशी गेले, मधल्या वर्तुळात थांबले. दर दहा पावलांवर चेंडू खांद्याइतक्या उंचीवरून सोडायचा, उसळतो का बघायचं, लाथेने पुढे ढकलायचा, पाणी अडवतं का बघायचं. सत्तरीचा माणूस, पाऊण तास पावसात. परत आले तेव्हा कपाळावरून पाणी गळत होतं. बाकावर कागद ठेवून त्यांनी सही केली, सामना होईल एवढंच म्हणाले, छत्री घेतली आणि गेले. मगातला चहा गार होऊन गेला होता.

सामना एक-एक बरोबरीत सुटला. सेंट मॉरन हरला, म्हणजे तिकडून सगळं हवं तसं जुळून आलं होतं, थॉर्नशॉलाच एक गोल पुरला नाही. शिट्टी वाजल्यावर लोक मैदानात उतरले, पण कुणी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. गवतावर बसून राहिले नुसते. ताडपत्र्यांच्या टोळीतला एक म्हातारा लेसजवळ आला, डोळे पुसले आणि म्हणाला, "तुझ्या हातून कसूर झाली नाही, लेस. या अख्ख्या वर्षात तू एकटाच काय तो नीट खेळलास." लेसने म्हाताऱ्याला धरून कठड्यापर्यंत नेलं.

मास्तरांनी लीगला कळवलं की नाही, हे लेसला कधीच समजलं नाही. पत्र काही आलं नाही. तो विचारायलाही गेला नाही. त्याने म्हाताऱ्यांना मात्र पुढच्या शुक्रवारी एकत्र बोलावून सांगून टाकलं. दोघे परत आले नाहीत. बाकीचे आले.

डिसेंबरात, लीगबाहेरच्या त्या पहिल्या हिवाळ्यात, पारा उणे सहावर गेला. आदल्या दुपारी दहा म्हाताऱ्यांनी ताडपत्र्या अंथरल्या होत्या. दोन माणसं कमी म्हणून वेळ जास्त लागला. सकाळी मास्तर आले ते शेडकडे वळलेच नाहीत. घरून आणलेला चेंडू काखेत धरून सरळ मैदानावर गेले. लेस चहाचा मग घेऊन सीमारेषेवर उभा राहिला. मास्तरांनी टाच रुतवून बघितली, इथे, तिथे, गोलसमोर, कोपऱ्यात, कुठलीही जागा सोडली नाही. माती सगळीकडे मऊ होती. मग ते लेससमोर आले, कागद काढला, सही केली. ताडपत्र्या होत्या का, हे त्यांनी विचारलं नाही.

"होत्या, मास्तर," लेस आपणहून म्हणाला.

"बघितलं मी," मास्तर म्हणाले आणि फाटकाकडे चालू लागले.