नऊ सुरांची खोटी साक्ष

मी एक जुनी धून आहे, नऊ सुरांची. मला हात नाहीत, पाय नाहीत, वजन तर नाहीच. तरीही मित्रांनो, माझ्याकडून जे करवून घेतलं त्याचा संताप अजून उतरलेला नाही. लोक म्हणतात, 'किती गोड धून!' गोड म्हणे! मला गोड म्हणवून घ्यायचं नाही. माझं म्हणणं एकदा कोणीतरी ऐकून घ्यावं, एवढंच मला हवं आहे.

माझा जन्म ॲडलेडमधल्या एका स्वयंपाकघरात झाला. माझा जन्मदाता अँगस ट्रेलोर चित्रपटांना संगीत द्यायचा. त्याचा पियानो बैठकीच्या दारातून आत जाईना, म्हणून तो स्वयंपाकघरातच भिंतीला लावलेला होता. इकडे तो सूर जुळवायचा आणि तिकडे ओट्याशी त्याची आई विनीबाई पेस्टी करायची. काचबिंदूने तिची दृष्टी जाऊन वीस वर्षं झाली होती. पण मटण-बटाट्याच्या त्या करंजीसारख्या पेस्टीला ती अशी मुरड घालायची, की डोळसांनी बघत राहावं.

आमचं काम काय असतं ते आधी सांगते. चित्रपटातल्या प्रत्येक मोठ्या पात्राची एक धून असते. ते पात्र आलं की त्याची धून वाजते. ते दूर गेलं आणि खुंटीवर नुसती त्याची टोपी राहिली, तरी धून हळूच वाजते आणि तुम्हाला त्याची आठवण येते. विनीबाई चित्रपट याच आधारावर पाहायची. हो, पाहायचीच. अँगसच्या प्रत्येक चित्रपटाच्या पहिल्या खेळाला ती चौथ्या रांगेत बसायची आणि पडद्यावर कोण आलं ते आमच्यावरून ओळखायची. असे बारा चित्रपट तिने पाहिले.

म्हणून वादकांच्या हाती जाण्याआधी प्रत्येक धुनेला तिच्यापुढे परीक्षा द्यावी लागे. माझीही झाली. मला ऐकून तिचे पिठाचे हात जागीच थांबले.

"हा कुणाचातरी मुलगा आहे," ती म्हणाली. "लांब गेलाय. घरी यायचं त्याच्या मनात आहे."

"बरोब्बर!" अँगस म्हणाला.

"शेवटी येतो ना रे घरी?"

"ते नाही सांगणार. तूच बघ."

"बघते की. ही वाजली, म्हणजे आला असं समजेन."

त्या चित्रपटात तांब्याच्या खाणीच्या गावातली एक आई होती. तिचा मुलगा पेरन युद्धावर जाऊन बेपत्ता झालेला. तिने त्याचा सदरा उसवला-शिवला, त्याचं जुनं पत्र काढलं, की मी वाजायची. मला वाजवायची बेरिल नावाची एक ठसकेबाज बाई, हॉर्नवर. गाडीचा हॉर्न नव्हे हो, पितळेचं गोल वळवलेलं वाद्य. सहा वर्षांनी एक माणूस त्या आईच्या दारात येतो आणि म्हणतो, मीच पेरन. तो पेरन नसतो. लपायला जागा शोधणारा भामटा असतो. हे शेवटी उघड होतं. तो दारात येतो तिथे अँगसने काहीच संगीत ठेवलं नव्हतं. मुलगा आलेलाच नाही, तर मी कशाला वाजेन?

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी पडद्यावर तो प्रसंग आला आणि निर्माता लिंडसे हॅलेट ताडकन उठला.

"अँगस, इथे शांतता कशाला? मुलाची धून कुठे गेली?"

"तो मुलगा नाहीये, लिंडसे. गोष्ट तूच निवडलीस ना?"

"ते मला नको शिकवूस! धून वाजली नाही, की लोक तिथेच ओळखणार हा भामटा म्हणून. सगळं गुपित तूच फोडतोयस. टाक इथे ती धून."

"ती त्याची नाही पण."

"अरे, धून आहे ती. बायबलवर हात ठेवून घेतलेली शपथ नाही!"

नाही? मग मी काय होते? बारा चित्रपट एका बाईने आमच्यावर विश्वास ठेवून पाहिले, ते काय होतं? पण मला तोंड कुठे होतं! अँगसने थोडी हुज्जत घातली, नाक चोळलं, आणि चहाची सुट्टी संपेपर्यंत माझे नऊ सूर त्या भामट्याच्या नावावर लिहून टाकले.

बेरिलने कागद पाहिला. "दारात मुलगा आलाय का?"

"नाही."

"मग हे मी कुणासाठी वाजवतेय?"

"वाजव ना, बेरिल. सगळे खोळंबलेत."

तिने वाजवलं. सूर फाटावा, श्वास चुकावा असं मला मनापासून वाटत होतं. पण त्या दिवशी मी कधी नव्हे इतकी सुंदर वाजले. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

पहिल्या खेळाला जाताना ट्राममध्ये अँगसने आईला सांगण्यासाठी दोनदा तोंड उघडलं. तिने नवी हॅट घातली होती, ती खुशीत होती. दोन्ही वेळा त्याने हॅटचंच कौतुक केलं. चित्रपटगृहात तो भामटा दारात आला. डोळसांना खाणाखुणा होत्या. स्वयंपाकघराचं दार तो भलत्याच बाजूला शोधत होता. म्हातारा कुत्रा त्याला बघून उठलासुद्धा नाही. लोक कुजबुजू लागले. विनीबाईकडे फक्त मी होते, आणि मी वाजले.

"आला! अँगस, आला बघ पोर!" ती मोठ्याने म्हणाली. पुढच्या रांगेतले लोक वळून हसले. तिने डोळ्यांना रुमाल लावला. पुढचा अर्धा तास त्या अख्ख्या थिएटरात ती एकटीच सुखात होती.

मग भामटा उघडा पडला. 'खुणा दिसत होत्या, तरी धुनेने चकवलं!' म्हणत लोकांनी टाळ्या वाजवल्या. विनीबाईने रुमालाची घडी घातली आणि तो पर्समध्ये ठेवला.

"आई, गोष्टीसाठी करावं लागलं," बाहेर आल्यावर अँगस म्हणाला.

"हो का? छान झाला सिनेमा."

घरी हॅट काढताना ती म्हणाली, "पुढच्या वेळी पेनरोजबाईंचंही तिकीट काढ."

"शेजारच्या? त्या कशाला?"

"कोण आलं, कोण गेलं, ते सांगायला."

माझं पुढे खूप कौतुक झालं. वर्तमानपत्रांनी मला 'चतुर धून' म्हटलं, अँगसला बक्षीस मिळालं, फुटबॉलच्या मैदानावर बँडने मला वाजवलं. मग लोक विसरले. आता माझे कागद एका ग्रंथालयात पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून आहेत. पडू देत. त्याचं मला काही वाटत नाही.

पण अँगसच्या डोक्यात मी कायम होते, म्हणून पुढच्या चित्रपटालाही मी हजर होते. त्याने जीव ओतून सहा नव्या धुना केल्या होत्या, एकही खोटी नव्हती. आणि पूर्ण वेळ पेनरोजबाई विनीबाईच्या कानाशी लागून सांगत होत्या, "आता डॉक्टर आला बरं का. आता त्याची बायको." आपल्याच संगीतातून अँगसला ती कुजबुज ऐकू येत होती. विनीबाई मान हलवायची ती पेनरोजबाईंचं ऐकून. धुनांकडे तिचं लक्षच नव्हतं.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर झटकू नका, मला विसरलात तरी चालेल. शाळेच्या बँडवर वाजवा, चुकत वाजवा, मी रागावणार नाही. पण ज्याच्याकडे तुमच्या शब्दाखेरीज दुसरं काहीच नाही, त्याला फसवू नका. आणि मुलगा खरोखर आला नसेल, तर कृपा करून मला त्याच्या आईच्या दारात उभं करू नका.