हरळी झोपली आहे तोवर

थंडीत गोल्फच्या मैदानावरची हरळी झोपते आणि भुरकट पडते. क्लबात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच मान्य नव्हतं. यंदा पहिले दोन फेअरवे, म्हणजे खड्ड्याकडे जाणारे गवताचे लांब पट्टे, मात्र पोपटी झाले होते आणि सभासद येता-जाता त्यांचं कौतुक करत होते. ते तण होतं. अध्यक्षांनाही पक्कं ठाऊक होतं. पण दुसऱ्या क्लबाचे पाहुणे सामन्याला यायचे होते आणि फोटोत काय, हिरवं ते हिरवं.

मैदानाच्या मुकादमबाईंचा हिशेब सरळ होता. हरळी झोपली आहे तोवर फवारलं तर तण मरतं, हरळीला पत्ताही लागत नाही. ती जागी झाली की तेच औषध तिलाही जाळतं.

गेल्या वर्षी अध्यक्ष म्हणाले, "थांबा," आणि बाई थांबल्या. ऊन तापताच तण आपोआप वाळलं, त्याच्याखाली गुदमरलेल्या हरळीच्या जागी टक्कल पडलं आणि ठपका बाईंवर आला. पुन्हा टक्कल दिसलं तर नोकरी जाणार होती, आणि तिच्याबरोबर शेडमागचं क्वार्टरही. यंदाही अध्यक्षांचं तेच, "सामना होऊ द्या, मग बघू."

बाईंचा नवरा क्लबातली बिलियर्डची टेबलं सांभाळायचा. टेबलावरच्या कापडाला ओरखडा उठेल अशा भीतीने तो घरातही हळूच बोलायचा.

"जरा नमतं घे गं," तो म्हणाला. "माझं टेबल बघ. बारा महिने हिरवं, पाणी मागत नाही, उलट बोलत नाही."

"अगदी तुमच्यावर गेलंय."

"अगं, घर जाईल!"

"गेल्या वर्षी घेतलं ना नमतं? थांबले तरी जाणार, फवारलं तरी जाणार. मग हरळी जगवून जाते. माझ्या जागी येणाऱ्याने टक्कल बघून माझ्या नावाने खडे फोडायला नकोत."

सकाळी बाई पाठीवर पंप घेऊन पहिल्या फेअरवेवर उतरल्या. तेवढ्यात अध्यक्ष व्हरांड्यातली खुर्ची उचलून आले. स्वतःच्या गोल्फच्या काठ्यांची पिशवीही न उचलणाऱ्या माणसाने खुर्ची उचलली, यावरूनच प्रकरण किती पेटलं होतं ते कळावं. ती त्यांनी पोपटीच्या मधोमध ठेवली आणि ठाण मांडलं.

"बाई, पंप खाली ठेवा."

"ठेवते की. रिकामा झाला की ठेवते."

"मी इथून हलणार नाही."

"हलूच नका साहेब. वारा पडलाय, अंगावर उडायचं नाही."

बाई मागे मागे सरकत फवारत गेल्या. शेवटी खुर्चीभोवतीचा तुकडा तेवढा कोरडा राहिला. गलका ऐकून नवरा व्हरांड्यात आला. अध्यक्षांनी आशेने त्याच्याकडे बघितलं. बाईंनीही बघितलं, आशा न ठेवता.

नवऱ्याने तोंडाशी हात धरले आणि जन्मात पहिल्यांदा ओरडला, "साहेब, पाय वर घ्या! बूट खराब होतील!"

अध्यक्षांनी झटकन पाय वर घेतले. बाईंनी तेवढ्यात खुर्चीखालून नोझल फिरवून घेतलं.

"आजच काढून टाकतो तुम्हाला!"

"काढा. पण खाली उतरू नका. औषध ओलं आहे. तुमच्या वाटेत क्लबापुढची, चेंडू खड्ड्यात ढकलायची पटिंगची हिरवळ आहे, आणि तिथलं गवत वेगळं, थंडीतही जागं आहे. या बुटांनी गेलात तर पावलं उमटतील, पिवळीधमक. पाहुण्यांना विचारायला नको कोण गेलं."

अध्यक्षांनी हिरवळीकडे बघितलं, मग बुटांकडे, आणि खुर्चीतच मांडी घातली. "किती वेळ?"

"वाळेपर्यंत."

"क्वार्टर रिकामं करायला माणसं पाठवतो मी!"

"पाठवा. दार उघडंच ठेवते. काय हो, सामान बांधायला येताय ना?"

"आलोच," व्हरांड्यातून आवाज आला, आणि या वेळीही तो हळू नव्हता. "टेबलं झाकतो, बिलियर्डच्या खोलीची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवतो आणि येतो."

बाईंनी नळावर बूट धुतले आणि पंप पुन्हा भरला. दुसरा फेअरवे अजून बाकी होता.