रेडिएटरचं झाकण आणि ब्रदर लायलचा रुमाल

"ब्रदर लायल, गाडी जर तुमच्या हाताने बरी होते, तर आम्ही सगळ्यांनी डोळे कशाला मिटायचे?"

हे विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, मरिसोल आणि ओडेटने, लावली होती. "तू नाही विचारणार ब्रिन, अर्ध्यातच तुझा आवाज चिरकेल," असं मरिसोल म्हणाली होती. नाही चिरकला. उलट इतका खणखणीत निघाला की बर्गरच्या रांगेतली माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

शनिवारी दुपारी आमच्या गावातले जुन्या गाड्यांचे सगळे वेडे त्या बर्गरवाल्याच्या पटांगणात जमतात. बॉनेट उघडायचं, मागे घडीची खुर्ची टाकून बसायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या इंजिनाची थोरवी ऐकवायची. नियम एकच: दुसऱ्याच्या गाडीला बोट लावायचं नाही. तो फक्त ब्रदर लायलसाठी मोडला जायचा.

ब्रदर लायल म्हणजे प्रार्थनेने गाड्या बऱ्या करणारा उपदेशक: पांढरे बूट, त्याहून पांढरे दात आणि खांद्यावर "अभिषेक केलेला" जाड ओला रुमाल. गळका रेडिएटर असो की तापणारं इंजिन, इलाज एकच. बॉनेटखाली वाकायचं, रुमाल टाकायचा, हात ठेवायचा. मग देणगीची बादली फिरायची आणि पवित्र पाण्याच्या बाटल्या खपायच्या.

आज पाळी आमची होती. बाबांची लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार माझ्या दुप्पट वयाची आहे. इंजिन तापलं की पुढून हिरवं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ठिबकायचं, आणि कुठून ते बाबांना सापडत नव्हतं. उद्या लग्नाच्या वाढदिवसाला ते आईला घेऊन कोल्टर घाट चढणार होते. त्याच घाटात गेल्या महिन्यात ड्वाइट प्रुइट काकांची "बरी झालेली" गाडी उकळली होती. काकांनी झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात भाजला. ब्रदर लायल इस्पितळात जाऊन त्यांना काय म्हणाला माहीत आहे? "ड्वाइट, गाडी नव्हती गळत. तुझी श्रद्धा गळत होती."

"डोळे कशाला?" ब्रदर लायल हसला. "पोरी, प्रभूपुढे मान झुकवायची असते. तुझ्या आईने शिकवलेलं दिसत नाही."

लोक हसले. आईचा चेहरा उतरला. "ब्रिन, खाली बस," बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

मी बसले. प्रार्थना सुरू झाली आणि सगळ्या माना खाली गेल्या. आमच्याकडे हे कोणाला सांगावं लागत नाही. जेवणाआधी, सामन्याआधी, प्रार्थना म्हटली की पापण्या आपोआप मिटतात. माझ्याही आजवर मिटायच्या. आज मी त्या उघड्या ठेवल्या. ब्रदर लायलने रेडिएटरच्या झाकणावर रुमाल टाकला, आणि रुमालाखाली त्याचं मनगट हळूच डावीकडे वळलं.

फुस्स.

"ऐकलंत ना, लेकरांनो," तो गहिवरून म्हणाला, "गळतीचा आत्मा निघाला. निघ रे, या लाल कोकरातून निघ."

"आमेन," सगळं पटांगण म्हणालं.

थोड्या वेळात ठिबकणं खरंच थांबलं. बाबा गुडघे टेकून गाडीखाली बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. त्या भरल्या डोळ्यांपुढे तो बादली धरून उभा होता. इतकी किळस मला आयुष्यात कशाची वाटली नव्हती.

"बाबा, झाकणाचे कान बघा, ते पकडायचे दोन उंचवटे," मी म्हणाले. "पूर्ण बसलं की ते सरळ आडवे असतात. आता तिरके आहेत. त्याने झाकण अर्धं सैल केलंय. मी पाहिलं."

"हात लावू नका," ब्रदर लायल म्हणाला. "अभिषेक मोडेल."

"मोडू दे. गाडी आमची आहे."

बाबा जागचे हलले नाहीत. आई उठली. "वेंडेल, हातमोजा घाल आणि झाकण घट्ट कर. उद्या त्या गाडीत मला बसायचंय."

बाबांनी झाकण घट्ट केलं. इंजिन प्रार्थनेच्या आधीपासून चालूच होतं. लोक हातात बर्गर घेऊन जवळ आले. जरा वेळाने टप, टप. हिरवं थारोळं पुन्हा साचायला लागलं.

"मुलीच्या मनात संशय, म्हणून," ब्रदर लायल म्हणाला.

"बाबा, आता अर्धं सैल करा."

फुस्स. ठिबकणं थांबलं.

"निघाला बाई आत्मा," ओडेट मागून म्हणाली, आणि या वेळी लोक ब्रदर लायललाच हसले.

मग मी सांगितलं, शाळेच्या वर्कशॉपमध्ये आम्हाला शिकवलं तसं. इंजिन तापलं की कूलंट फुगतं आणि आत दाब वाढतो. झाकण तो दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट लवकर उकळत नाही. जिथे झिजलेलं असेल तिथून ते गळतं, तेही या दाबानेच. झाकण सैल केलं की दाब जातो आणि गळती थांबते. झिजलेली जागा तशीच राहते. आणि दाब गेलेलं इंजिन घाटात उकळतं.

"म्हणजे माझंही झाकण यानेच सैल केलं होतं," ड्वाइट काका म्हणाले. त्यांनी पट्टी बांधलेला हात वर करून ब्रदर लायलला दाखवला.

ब्रदर लायल बादली घेऊन निघाला. त्याने मागे ज्यांची गाडी "बरी" केली होती, त्या मिसेस टॅलींनी तरीही त्याच्याकडून एक बाटली घेतलीच. "असू दे घरात," म्हणाल्या. याला काय म्हणावं? देवावर खुशाल श्रद्धा ठेवा, त्याला माझी ना नाही. पण कोणी तुमच्या गाडीचं, शरीराचं, घराचं दुखणं झाकून बरं करू लागला, तर एवढंच म्हणा: फडकं काढ आणि आमच्यासमोर पुन्हा करून दाखव.

रविवारी सकाळी आई-बाबा घाटात गेले नाहीत. शाळेत वर्कशॉप शिकवणाऱ्या बाईंकडून मी दाब तपासायचा छोटा हातपंप आणला. इंजिन पार थंड होतं. झाकणाच्या जागी पंप बसवून मी दाब भरला. पंपावरचा काटा चढला आणि हळूहळू खाली यायला लागला. बाबांनी विजेरी धरली, आई शेजारी वाकून बघत होती. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, आतलं सील झिजलं की कळावं म्हणून ठेवलेलं. तिथे एक हिरवा थेंब लोंबत होता.

"एवढंच होतं?" बाबा म्हणाले. त्यांनी विजेरी विझवली. "चला. आपलं निभावलं. आता गावात हा विषय नको, ब्रिन. लोकांना तोंड दाखवायचंय."

"बाबा, ब्रदर लायलने हात ठेवलेल्या गाड्या गावभर आहेत, अर्ध्या सैल झाकणाच्या. त्यातली एखादी आत्तासुद्धा घाट चढत असेल." मी हात पुसले. "आई, बाबा, मी ठरवलंय. आज त्या प्रत्येकाच्या दारात जाणार आणि सांगणार. शिव्या देतील, दार लावतील, माहितीये. पहिलं दार मिसेस टॅलींचं."