रानमांजराच्या मांडीतली नस

मित्रांनो, मी एका रानमांजरीच्या मागच्या पायातली जुनी नस आहे. पुस्तकात मला मज्जातंतू म्हणतात. जाडी सुतळीएवढी, रंग देवापुढच्या वातीसारखा पांढरा. कमरेतून निघून मी मांडीत उतरते. गुडघ्याच्या वर माझ्या दोन फांद्या होतात. एक तळपायाकडे जाते. दुसरी गुडघ्याच्या बाहेरून, अगदी कातडीखालून, पंजा उचलायला. राहुरीच्या उसात आमची मांजर उंदरावर झेप घ्यायची, तेव्हा 'ऊठ' हा निरोप मीच पोचवायची. एकदाही चुकले नाही. तेच माझं व्रत होतं.

एके दिवशी ती गाडीखाली येऊन मेली. जनावरांच्या दवाखान्यातले मदतनीस आप्पासाहेब यांनी आठ दिवस खपून, एक धागा न तोडता मला मांसातून मोकळं केलं आणि पायासकट काचेच्या बरणीत ठेवलं. शिकाऊ डॉक्टर माझ्यापुढे वाकून उभे राहत. पुढे भिंतीवर रंगीत तक्ते आले, नि मी कपाटावर गेले. बरणीतलं औषधी पाणीही निम्म्यावर आलं.

यंदा ऊसतोडीला आलेल्या पाथर्डीच्या कडूबाई पाटीत एक रानमांजर घेऊन आल्या.

"उसातून अंगावर आली. मला वाटलं बिबट्याचं पिल्लू. कोयत्याची पाठ हाणली. आता तंगडी वढतीय."

"लई शूर गं बाई तू!" आप्पासाहेब म्हणाले.

"थट्टा नका करू, दादा. पाप लागंल मला. हिचा पाय तेवढा वाचवा."

दवाखान्याच्या डॉक्टर स्नेहल तपासायला आल्या. पंजा उलटा पडत होता. "पाय मेलाय, मॅडम. कापावाच लागंल," आप्पासाहेब म्हणाले. पण तीन पायांवर ती रानात शिकार कशी करणार?

डॉक्टर स्नेहल हळूच म्हणाल्या, "आप्पा, तुमचीच बरणी खाली काढा."

माझ्या फांद्या बघत त्यांनी पंजाच्या वरच्या बाजूला चिमटा घेतला. मांजर हललीही नाही. मग तळपायाला घेतला. ती फिस्कारली, पाय आखडला!

"मूळ नस जिवंत आहे. बाहेरची फांदी तेवढी माराने मुकी झालीय. कापायचं नाही."

पंजा सरळ करून पट्टी बांधली. चोविसाव्या दिवशी तो नीट टेकला, आणि त्याच पंजाने तिने आप्पासाहेबांच्या हातमोज्यावर ओरखडा काढला.

"कापा म्हनत हुता ना? घ्या आता!" कडूबाई डोळे पुसत हसल्या.

मित्रांनो, दुखावलेल्या जिवावर घाईने सुरी उचलू नका. आधी त्याला शांतपणे विचारून बघा. माझा पाय आता उडी मारत नाही. पण मला वाचून एक पाय वाचला, आणि तो आज उसाच्या बांधावर झेप घेतोय. एवढा मान किती नसांना मिळतो?