पांढऱ्या पेन्सिलीचा जळफळाट

थांबा, झाकण लावू नका. मी बोलतेय, पांढरी पेन्सिल. कोपऱ्यातली, एकेकाळी सगळ्यांत उंच. माणसांत उंच असणं मिरवण्यासारखं असेल, आमच्यात ती नामुष्की आहे. पेन्सिल झिजली की समजावं, तिच्यावर कुणाचा तरी जीव जडलाय. माझ्या शेजारची निळी बोटभर उरली होती, तांबडीवरचं तर नावसुद्धा टोक काढता काढता तासून गेलं होतं, आणि मी कारखान्यातून निघाले तशीच होते.

देवदाराचं लाकूड आणि आत मेणात कालवलेली पांढरी भुकटी, एवढंच माझं घराणं. यंत्रानं आम्हा सगळ्यांना सारखंच टोक काढलं, तेव्हा वाटलं, नशीबही सारखंच असेल. पण पांढऱ्या कागदाच्या जगात पांढऱ्या पेन्सिलीला कोण विचारतं? असून नसल्यासारखी.

अमेरिकेतल्या पुएब्लो गावात आम्ही इसाउराच्या घरी आलो. इसाउरानं सगळी नोकरी संकटात सापडलेल्यांचे फोन घेण्यात काढली. कुणाचं घर पेटलं, कुणाचा बाप न्हाणीघरात पडला, गावातला पहिला फोन तिच्या कानात. नोकरी संपली तरी तिच्या डोक्यात तो फोन काही वाजायचा थांबेना. रिकामे हात थरथरायचे, झोप लागायची नाही. तेव्हा शेजारची अर्लीन एक दिवस मोठ्यांसाठीचं रंगवायचं पुस्तक, आमची पेटी आणि एक पत्र्याची डबी घेऊन आली. दोन झुरके ओढायचे आणि रंगवत बसायचं, तिचा स्वतःचा अनुभव होता म्हणे.

ती डबी म्हणजे माझी सवत. चुन्याच्या डबीपेक्षा थोडी मोठी, आत गांजाच्या वाळलेल्या कळ्या. तिथे त्या दुकानात रीतसर मिळतात. संध्याकाळी जेवणं उरकली की इसाउरा आधी तिचं झाकण उघडायची, मग आमचं. हा मान कुणी दिला तिला? इसाउराच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला की अर्लीन म्हणायची, माल चांगला आहे. निदान निळीचं तरी नाव घ्यायचं होतं. माझं जाऊ द्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण इसाउराला विडी वळता येत नव्हती. मग ती मला उचलायची, कारण मी लांब, सरळ आणि बिनकामाची. पातळ कागद माझ्या पाठीवर गुंडाळून सुरळी करायची, मला बाहेर ओढायची, चुरा भरायची आणि माझ्या बुडानं तो अलगद ठासायची. म्हणजे सवतीची वेणी मी घालायची आणि मिरवायचं तिनं.

त्यानंतर ती मला खाली ठेवायला विसरायची. उजव्या हातात निळी, तांबडी, हिरवी यांची ये-जा चालायची आणि मी आपली डाव्या मुठीत. हात थरथरत असायचा. हळूहळू, पानावरचे मोर-मासे भरत जायचे तसा तो शांत व्हायचा. थरथर थांबल्याचं सगळ्यात आधी मला कळायचं. पण त्याचं मला काय कौतुक, मला कागद हवा होता.

त्या घरात जळणारी मी एकटी नव्हते. इसाउराचा नवरा देल्फिनो, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, दाराशी उभा राहून डबीकडे बघायचा. त्याच्या भावाला, सेल्सोला, तरुणपणी खिशात एवढासा गांजा सापडला म्हणून तुरुंगात जावं लागलं होतं. परत आला तो वेगळाच माणूस होऊन. एका दुपारी इसाउरा दुकानातून आली आणि देल्फिनोचा बांध फुटला.

"ह्याच पाल्यापायी सेल्सोची उमेदीची वर्षं गेली, आणि तू त्याची पावती घेऊन घरी येतेस."

"मला झोप लागते रे, म्हाताऱ्या. मी परत जागून काढू का रात्री?"

"संध्याकाळी तू माझ्याशी बोलायचीस," तो म्हणाला. खरं दुखणं ते होतं. मग त्यानं उशी उचलली, कुत्र्याला हाक मारली आणि परसातल्या चाकांच्या खोलीत राहायला गेला. पूर्वी ती खोली गाडीला जोडून दोघं मासे धरायला जायची. आता तिची चाकं बसली होती.

त्या संध्याकाळी रस्त्यावरून रुग्णवाहिका ओरडत गेली आणि इसाउराचे हात फारच थरथरू लागले. रोजच्यापेक्षा दोन झुरके जास्त झाले. तिनं पुस्तकातलं नवं पान उघडलं, नदीकाठी दोन क्रौंच पक्षी. आणि कसं झालं कोण जाणे, डाव्या हातातली मी उजव्या हातात गेले. पेटीकडे तिनं बघितलंच नाही.

काय सांगू तुम्हाला. ती जोर देऊन, जीव ओतून मला कागदावर फिरवत होती. पिसं भरली, पाणी भरलं. वरच्या मोकळ्या आभाळात स्वतःच्या मनानं काहीतरी काढलं, आणि काढताना हसली, मग डोळे पुसले. शेवटी लांब धरून बघितलं आणि म्हणाली, "आजवरचं सगळ्यात चांगलं." फ्रिजवर बाकीच्या रंगीत पानांमध्ये तिनं ते लावलं. मी पहिल्यांदाच बोथट झाले होते. पेटीत कुणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही मी.

सकाळी अर्लीन कॉफीला आली आणि विचारलं, हे कोरं पान कशाला लावलंयस? इसाउरानं बघितलं. दोघी टेबलाला धरून हसल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पान मात्र तसंच राहिलं, आणि दोघी मिरच्या भाजून आणायला बाजारात गेल्या.

थोड्या वेळानं देल्फिनो कॉफी घ्यायला आत आला. इतकी रंगवलेली पानं आणि मध्ये एकच कोरं. तो बराच वेळ बघत राहिला. त्याची समजूत झाली की हे आपल्यासाठी राखून ठेवलंय. पान काढून तो टेबलाशी बसला, निळी उचलली आणि आभाळ हलक्या हातानं भरू लागला. निळी घसरायला लागली. जिथे मी आधी गेले होते, तिथे तिला पाय ठेवता येईना. निळ्यातून एक पांढरी रेघ निघाली, मग दुसरी. बसक्या चाकांची खोली निघाली, खिडकी निघाली, खिडकीत मोठ्या कानांचा एक माणूस निघाला.

भाजलेल्या मिरच्यांचा वास घेऊन इसाउरा दारात आली, तेव्हा त्याचा हात कागदावरच होता.

"खिडकीत एकटाच काढलायस मला," तो म्हणाला.

"आहेसच ना एकटा."

"मग खोड की."

"पांढरं खोडता येत नाही. तू आत ये राहायला, दुसरं काढते."

उशी त्याच दिवशी परत आली. डबीवरचा त्याचा राग गेलेला नाही. झाकण उघडलं की अजून तो खिडकी उघडायला उठतो. पण उठून परत येऊन बसतो. मग ती माझ्यानं काहीतरी काढते, तो रंग घालून ते शोधतो, आणि सापडलं की दोघं त्यावर बोलत बसतात. माझं टोक तो त्याच्या कारखान्यातल्या चाकूनं काढतो. येणारे-जाणारे मात्र निळीचंच कौतुक करतात. करू देत, मेले.

आता मी अंगठ्याएवढी उरलेय. सुरळी वळायला नि ठासायला पुरत नाही. ते काम बदामीकडे गेलंय, तिलाही कुणी विचारत नसे. परवा बदामी इसाउराच्या डाव्या मुठीत होती, मी उजव्या. हळूहळू हात शांत झाला, आणि बदामी माझ्याकडे बघून हसली. थरथर थांबल्याचं तिला माझ्याआधी कळलं होतं. काय हवं होतं ते सगळं मिळूनही माझ्या पोटात दुखलं.

तुमच्या पेटीत एखादी उंच पांढरी असेल, तर तिला झिजवा. आणि झिजवताना मध्येच कधीतरी, काही काम नसताना, डाव्या हातातही धरा.